धुक्यासाठी कागद कोरा सोडा

प्रश्न : जुनी चिनी निसर्गचित्रं पाहून शाईने थोडे अमूर्त डोंगर काढते आहे. धुकं म्हणून पातळ शाईचा हात देते, तर तिथे मळकट डाग उठतो आणि डोंगर एकमेकांना चिकटतात. कार्ट्रिज कागद, बाटलीतली वॉटरप्रूफ शाई.

उत्तर : धुक्याला शाई लावूच नका. ग्वो शी या चित्रकाराचं 1072 मधलं ‘वसंताची चाहूल’ नीट पाहा (मूळ चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे). डोंगराच्या कमरेशी रेशीम जवळजवळ कोरं आहे. सगळा डोंगर दाखवला तर तो उंच वाटत नाही, कमरेला धुकं गुंडाळलं की वाटतो, असं त्याचंच म्हणणं होतं.

म्हणून आधी पत्त्याएवढ्या चौकटीत काळा, करडा, कोरा अशा तीनच छटांत आराखडा करा. कोऱ्या जागेलाही ठरवून आकार द्या. निदान एक तृतीयांश कागद तिच्यासाठी ठेवा.

मग डोंगराच्या पायथ्याचा भाग रुंद ब्रशने स्वच्छ पाण्याने ओलवा. पाण्याची चकाकी जाईपर्यंत थांबा. माथ्याची कड कोरड्या कागदावर गडद शाईने घ्या आणि ओलसर ब्रशने ती खाली ओढत ओल्या भागात विरू द्या. चकाकी असतानाच शाई लावली, तर ती ताब्याबाहेर पसरते. चकाकी गेल्यावर फार ओला ब्रश लावला, तर त्यातलं पाणी शाईला मागे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडा उमटतात. तुमचे डाग बहुधा हेच. वॉटरप्रूफ शाईत लाखेसारखा चिकटवणारा पदार्थ असतो. वाळली की कड सुटत नाही. त्यापेक्षा शाईची कांडी (वाळवलेली घट्ट शाई) घ्या. शाई उगाळायच्या दगडावर थोडंसं पाणी घालून उभी धरून सावकाश घासा.

पोतासाठी फटकाऱ्याची एकच जात निवडा. मातीच्या गोल टेकड्यांना तागाच्या धाग्यांसारख्या लांब, सैल रेषा. सह्याद्रीसारख्या कातळकड्यांना आडव्या ब्रशने ओढलेले, कुऱ्हाडीच्या घावासारखे फटकारे. दोन्ही एकाच चित्रात आले की अमूर्तपणा गेलाच.

प्रश्न : श्वेन कागद (शाईच्या चित्रांसाठीचा चिनी कागद) कच्चा घ्यावा की तुरटी लावलेला?

उत्तर : सुरुवातीला तुरटीचा. त्यावर शाई पसरत नाही, थर चढवता येतात. कच्चा कागद शाई तत्काळ पितो. तो आधी ओलवू नका. ब्रश पातळ शाईत भिजवून फक्त टोकाला गडद शाई घ्या, म्हणजे एकाच फटकाऱ्यात दोन्ही छटा उतरतात. खाली लोकरी कापड हवंच, नाहीतर पाझरलेली शाई टेबलावरून परत कागदाला लागते.