सेसना १७२ या छोट्या विमानाचं इंजिन सकाळी थरथरतं, गरम झालं की शांत होतं. कारण काय असेल?

आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सिलिंडरमधला जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) तपासून घ्या. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात हे दुखणं जुनं आहे: व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, काजळी साचते, इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह अडकतो आणि तो सिलिंडर कामच करत नाही. तापल्यावर सुटतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण पुढे तो हवेत अडकला तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर पोचवणारी दांडी) वाकू शकतो.

गरम इंजिनही थरथरत असेल तर एकेका मॅग्नेटोवर (स्पार्क प्लगना वीज देणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकावर) चालवून बघा. ज्यावर अडखळतं त्यावरच थोडा वेळ चालवून बंद करा. मेकॅनिकला ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पाइप थंड लागेल, गडबड तिथेच. बरेचदा खालचा स्पार्क प्लग इंधनातल्या शिशाने माखलेला निघतो. दोन्ही मॅग्नेटोंवर सारखीच थरथर असली तर प्रॉपेलर, स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी), इंजिन माउंटची (इंजिन विमानाला धरून ठेवणाऱ्या जोडाची) रबरं बघा.

कारण सापडेपर्यंत कृपा करून उडू नका.