आडनाव सोडून दोन खुणा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेलची फाइल काल रात्री बसून शेवटपर्यंत पाहिली. तळाशी लिहिलेला प्रश्नही वाचला: "बाई, आमचं आडनाव इतक्या कमी लोकांचं आहे, मग ही सगळी माणसं आमचीच नसतील का?" प्रश्नामागची घालमेल कळते. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला आपण मूळचे कोण, हे कुठेतरी लिहिलेलं सापडावं असं वाटणारच. पण ही माणसं तुमचीच आहेत असं तू अजून एकाही ओळीत दाखवलेलं नाहीस.

शोधगंगेवरचे, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या त्या संकेतस्थळावरचे प्रबंध, पेशवे दफ्तराच्या छापील खंडांतली नावं, गॅझेटियरमधला एक उल्लेख, पनवेलकडचे जुने फेरफार. सगळ्यांच्या शेवटी तेच आडनाव, आणि तू त्यांच्यामधून बाण काढत गेली आहेस. आडनावाने कुठे शोधायचं ते कळतं. कोण सापडलं ते कळत नाही. बाण काढायचा तर आडनाव सोडून दोन खुणा जुळल्या पाहिजेत. वडिलांचं नाव, गाव, हुद्दा, वतन, तारीख, हस्ताक्षर, यातल्या कुठल्याही दोन. एक जुळली तर पेन्सिलीचं टिंब. दोन जुळल्या तरच रेघ.

तू म्हणशील, आमचं आडनाव गावावरून आलंय, म्हणजे गावाची खूण त्यातच आली. नाही आली. नांदगावकर घे. नांदगाव मुरुडजवळ आहे, कणकवलीकडे आहे, नाशिक जिल्ह्यात तर तालुक्याचं गाव आहे, आणि अमरावतीत नांदगाव खंडेश्वर आहे. चार ठिकाणची चार घरं गाव सोडून बाहेर पडली आणि चौघेही नांदगावकर झाले. शिवाय गाव सोडल्यावरच गावाचं नाव चिकटतं; गावात राहणाऱ्याला त्या नावाने कोण हाक मारणार? मग ज्या गावाचं नाव लावलंय तिथल्या कागदांत ते आडनाव मिळालं नाही म्हणून रडायचं कशाला? पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ते हुद्दे होते, गावोगाव होते, वेगवेगळ्या जातींत होते.

प्रबंधांच्या आणि लेखांच्या याद्यांत तू आद्याक्षरांवर विसंबली आहेस. कोसंबींचं बघ. धर्मानंद दामोदर कोसंबी पालीचे पंडित. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती आणि इतिहासकार. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे इंग्रजीत दोघेही डी. डी. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड विसुद्धिमग्ग, त्याच्या संपादनात वडिलांचा हात. ४२ वा खंड सुभाषितरत्नकोश, १९५७ चा. तो चिरंजीवांनी वा. वि. गोखल्यांसोबत संपादित केला. आडनाव एक, आद्याक्षरं एक, ग्रंथमाला एक, खंड लागोपाठचे. नुसत्या सालावर जाशील तरी फसशील, कारण वडील १९४७ साली गेले आणि त्यांचा खंड निघाला १९५० साली. यंत्राने या दोघांचा एक माणूस केला तर यंत्राला काय बोलणार? तू केलास तर मी बोलणार.

उलटंही होतं. त्याच धाकट्या कोसंबींचं १९४४ चं एक सूत्र आनुवंशिकशास्त्रात आजही त्यांच्या नावाने चालतं, जुन्या नाण्यांच्या वजनांवर त्यांचे लेख आहेत, भारताच्या इतिहासावरचं पुस्तक १९५६ चं, आणि गणितातले काही लेख तर त्यांनी एस. दुक्रे या टोपणनावाने छापले. विषय बघून माणसं वेगळी करत बसलीस तर एका माणसाचे चार होतील, आणि दुक्रे तर आडनावावरून कधीच सापडणार नाहीत. म्हणून तोडतानासुद्धा हाच नियम, दोन खुणा.

आपल्या ठाण्यातलंच सांगते. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली स्थापन झालं, त्यात पुढाकार विनायक लक्ष्मण भावे यांचा. 'महाराष्ट्र सारस्वत' त्यांचं. आणि विनोबा कोण? विनायक नरहरी भावे, जन्म गागोद्याचा, पेण तालुक्यातला. दोघेही कोकणपट्टीतले, दोघांनीही मराठीत लिहिलं. एखाद्या यादीत नुसतं "भावे, वि." असेल तर काय करशील? मधलं नाव बघशील. वडिलांचं नाव ही आपल्या लोकांनी फुकट देऊन ठेवलेली खूण आहे, आणि तुझ्या फाइलीत त्याचा रकानाच नाही. तो आधी घाल. फक्त एक सांभाळ: आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे रामजी बिन कान्होजी (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा) आणि कान्होजी बिन रामजी दर दोन पिढ्यांनी परत येतात. जोडीला तारीख हवीच. मोडी कागदावर ती सुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरांतल्या कालगणनेची असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळव; हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून महिनाही लिहून घे.

आता फाइलीतल्या त्या दोन ओळी, ज्या तू पिवळ्या केल्या आहेस. १८७८ सालचा माणूस, पनवेल तालुका, जिल्हा ठाणे. १८९२ सालचा माणूस, तेच नाव, तेच वडील, तेच गाव, पण जिल्हा कुलाबा. शेजारी तू लिहिलंस, "दुसरी शाखा? स्थलांतर?" अगं, कुणी कुठे गेलं नाही! पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात गेलं. कर्जत १८९१ ला गेलं. कुलाब्याचं रायगड १९८१ साली झालं. माणूस ओटीवर बसून राहिला आणि जिल्हा बदलला. इथे वडील आणि गाव दोन्ही जुळतात, म्हणजे रेघ मारायची ती नेमकी इथे. आणि इथेच तू मारली नाहीस. जिथे काहीच जुळत नव्हतं तिथे मात्र पेशव्यांच्या पदरच्या स्वारापर्यंत थेट बाण नेलास! का नेलास ते मला ठाऊक आहे. स्वार आवडतो, शेतसारा भरणारा आवडत नाही.

त्या स्वाराबद्दल बोलतेच. एका घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांनाही असाच एक हवा होता, दफ्तरातला, नाव गाजलेला. आडनाव तेच. वडिलांचं नाव कागदात नव्हतं आणि गाव घाटावरचं, त्यांचं कोकणातलं. मी म्हटलं, वंशवृक्षात घालता येणार नाही, हवं तर परिशिष्टात वेगळा उल्लेख करा. समितीने तो मूळपुरुष म्हणून पहिल्या पानावर छापला. मी माझं नाव काढून घेतलं आणि मानधनही घेतलं नाही. ओळखीचे लोक अजून म्हणतात, थोडं सैल सोडलं असतं तर तुमच्या नावावर एक चांगला ग्रंथ असता. नसतं सोडलं आणि आजही सोडणार नाही. छापलेली रेघ पुसता येत नाही. पुढचा माणूस तिलाच पुरावा म्हणून दाखवतो, त्याच्या पुढचा त्याला. माझ्या नावावर ग्रंथ नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या ग्रंथावर माझं नाव नाही याचं समाधान त्याहून मोठं आहे. मी जे वेगळं ठेवलं ते वेगळंच होतं, हे मी आजही कुणासमोरही मांडेन.

आणखी एक, आणि हे मला जास्त लागतं. आडनावाच्या मागे गेलीस की बायका सुटतात. सगळ्या. इरावती कर्वे जन्माने करमरकर, हे माहीत नसेल तर त्यांचं माहेर कुठे शोधशील? जुन्या कागदांत बाई "कोम अमुक" किंवा "भ्रतार अमुक" म्हणून येते, नवऱ्याच्या नावाला बांधलेली, कित्येकदा आडनावाशिवाय. पुरुषांचंही आडनाव कितीदा नसतंच; नाव, बापाचं नाव, मोकदम (म्हणजे पाटील) मौजे अमुक, झालं. म्हणून शोधाच्या चौकटीत आडनाव टाकून जे मिळालं नाही, ते नव्हतंच असं समजू नकोस. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातून ४५ खंड छापले, ते निवडक कागद आहेत. न छापलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात आहेत, आणि तिथे आडनावाची यादी हातात देऊन कुणी बसलेलं नाही. गाव आणि साल घेऊन जावं लागतं.

माझ्या आत्याला आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या बायकांची माहेरं तोंडपाठ होती. कोण कुठून आली, कुठल्या दुष्काळात आली, बरोबर कोण धाकटा भाऊ आला. ती गेली आणि ते सगळं गेलं. मोडी मला कुणीही शिकवू शकलं असतं, ते नाही. ही रुखरुख जात नाही.

शनिवारी ये. फाइलीतला आडनावाचा रकाना शेवटी सरकव. पहिला गाव, दुसरा वडील, तिसरा साल, चौथा हुद्दा किंवा वतन, पाचवा कागद कुठे पाहिलास ते. पाचवा रिकामा असेल ती ओळ मला दाखवूच नकोस. आणि येण्याआधी आजीला फोन कर. तिचं माहेरचं आडनाव, गाव, वडिलांचं नाव, तिच्या आईचं माहेर. साल आठवत नसेल तर लग्नाच्या वेळी बाहेर काय चाललं होतं ते विचार, सालापर्यंत आपण दोघी पोचू. ती सांगेल तसंच्या तसं लिहून घे, दुरुस्त करू नकोस.

तुझ्या
बाई