झारशाही कोणी संपवली? ‘राज्यक्रांती’ आणि ‘सत्तापालट’

प्रश्न असा आला आहे: “‘१९१७ च्या राज्यक्रांतीत कम्युनिस्टांनी झारला पदच्युत करून हुकूमशाही आणली’ या वाक्यात ‘राज्यक्रांती’ ठेवावं की ‘सत्तापालट’ करावं? दोन्ही शब्द वाचनात येतात.”

दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते एकाच घटनेचे नाहीत. त्या वर्षी रशियात सत्ता दोनदा पालटली आणि या वाक्यात त्या दोन्हींची एकच मोट बांधली गेली आहे. त्यामुळे नुसती ‘राज्यक्रांती’ खोडून भागणार नाही, ‘पदच्युत’कडेही बघावं लागेल.

राज्यकर्ता बदलला म्हणजे राज्यक्रांती झाली असं आपण मराठीत म्हणत नाही. राज्याची जातकुळीच बदलली तर म्हणतो. या अर्थाने हा शब्द फेब्रुवारीतल्या (रशियाच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे) घटनेला चपखल बसतो. पेत्रोग्राद या तेव्हाच्या राजधानीत महिला दिनी कापडगिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, पाठोपाठ इतर कारखाने बंद पडले. झारने गोळीबाराचा हुकूम दिला, तो एक दिवस पाळलाही गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सैनिक बंड करून लोकांना मिळाले. हे कोणा एका पक्षाने आखलेलं नव्हतं. तेव्हा सुरुवातीला ‘उठाव’ आणि परिणामाला ‘राज्यक्रांती’ असं म्हटलेलं उत्तम. कम्युनिस्टांचा नेता लेनिन त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला होता, हे तुमच्या वाक्याच्या कर्त्याला चांगलंच अडचणीचं आहे.

झारशाही आतून पोखरलेली होतीच. १९०५ च्या क्रांतीच्या रेट्यामुळे झार निकोलसने दूमा, म्हणजे निवडून आलेली संसद, दिली आणि ती डोईजड वाटली तेव्हा बरखास्तही केली. पहिलं महायुद्ध चालू असताना १९१५ मध्ये त्याने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं. तिथून पुढे रणांगणावरचा प्रत्येक पराभव थेट त्याच्याच खात्यावर जमा होऊ लागला आणि मागे राजधानीत राणी आणि तिचा विश्वासू साधू रास्पुतिन यांच्याबद्दलच्या वावड्यांना ऊत आला.

आता ‘पदच्युत’. पदच्युत करायला करणारा लागतो. इथे काय घडलं? झारची आगगाडी प्स्कोव्हला अडकली होती. आघाड्यांवरच्या सेनापतींना तारा करून मत विचारलं गेलं आणि त्यांनी ‘गादी सोडावी’ असाच सल्ला दिला. दूमाचे दोन प्रतिनिधी रात्री डब्यात पोचले. टाइप केलेल्या एका कागदावर निकोलसने पेन्सिलीने सही केली. सही झाली मध्यरात्रीच्या सुमारास, पण कागदावर वेळ घातली दुपारी तीन वाजून पाच मिनिटांची. प्रतिनिधींच्या दबावाखाली निर्णय घेतला असं दिसू नये म्हणून! गादी भावाच्या, मिखाइलच्या नावे केली होती. त्याने दुसऱ्याच दिवशी नकार दिला आणि १६१३ पासून चालत आलेलं रोमानोव्ह घराण्याचं राज्य संपलं. म्हणून ‘झारला पदत्याग करावा लागला’. काही जण ‘राजीनामा दिला’ असं लिहितात, ते टाळावं. राजीनामा मंजूर करायला कोणीतरी वरचा असावा लागतो, आणि झारच्या वर कोण?

ऑक्टोबरला मात्र ‘सत्तापालट’ शोभतो. मधल्या आठ महिन्यांत झारच्या जागी आलेल्या, आधी ल्वोव्ह आणि मग केरेन्स्की यांच्या हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवलं आणि जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला. शेतकऱ्याच्या ताटात बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, पूल, तारघर, स्टेशनं रातोरात ताब्यात घेतली. शहरात ट्राम चालू होत्या, नाटकांचे खेळही चालू होते. पुढच्या रात्री हिवाळी राजवाड्यात मंत्र्यांना अटक झाली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत खुद्द बोल्शेविकच याला ‘पेरेवरोत’, म्हणजे उलथापालथ, म्हणत. ‘महान ऑक्टोबर समाजवादी क्रांती’ हे भरजरी नाव नंतर रूढ झालं. तरीही ‘तो फक्त सत्तापालट होता’ हे मला पटत नाही. त्याच उन्हाळ्यात खेडोपाडी शेतकरी जमीनदारांच्या जमिनी बळकावत होते आणि सैनिक आघाडी सोडून घराकडे निघाले होते. त्या दोन रात्रींचा सत्तापालट, पण त्या सगळ्या काळाची क्रांती, असा भेद करावा.

‘कम्युनिस्ट’ हे नाव पक्षाने मार्च १९१८ मध्ये घेतलं, म्हणून १९१७ साठी ‘बोल्शेविक’च. या शब्दाचा अर्थ बहुमतवाले, आणि संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांना मिळाली जेमतेम पाव मतं. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एक दिवस भरली आणि दुसऱ्या दिवशी तिला टाळं लागलं. गुप्त पोलीस दल, चेका, त्याआधीच डिसेंबरात उभं राहिलं होतं.

‘हुकूमशाही’ ठेवायला हरकत नाही. हा विरोधकांनी दिलेला शिव्याशाप नव्हे. श्रमिकवर्गाची हुकूमशाही हे पक्षाचं जाहीर ध्येय होतं आणि १९१८ च्या राज्यघटनेतही ते लिहिलेलं आहे. फक्त मराठीत हुकूमशाही म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. ते चित्र स्तालिनच्या काळाला लागू पडतं. लेनिनच्या काळासाठी मी ‘एकपक्षीय हुकूमशाही’ लिहीन.

एवढ्या दुरुस्त्यांनंतर वाक्य असं होईल: “१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत झारला पदत्याग करावा लागला, त्याच वर्षी ऑक्टोबरात बोल्शेविकांनी हंगामी सरकार उलथवून सत्ता बळकावली आणि पुढे एकपक्षीय हुकूमशाही आणली.” नेमक्या तारखा द्यायच्या असतील तर पंचांग कोणतं ते सांगा. रशियाची जुनी दिनदर्शिका तेव्हा तेरा दिवस मागे होती, त्यामुळे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी क्रांती ८ मार्चला सुरू होते आणि ऑक्टोबर क्रांती येते ७ नोव्हेंबरला.