गर्भाशय काढल्यानंतर सुरुवातीला एवढंच बघ

अगं, "आता नवऱ्याजवळ पूर्वीसारखं जाता येईल का?" हा प्रश्न मलाही छळायचा. बहुतेकींचं सुख कमी होत नाही; रक्तस्राव आणि दुखणं थांबल्यावर अनेकींचं उलट वाढतं.

आधी डॉक्टरांना विचार, अंडाशय ठेवलेत की काढलेत? ठेवले असतील तर पाळी थांबते, पण रजोनिवृत्ती (म्हणजे अंडाशयांचं काम थांबणं) लगेच येत नाही. दोन्ही काढले असतील तर अंगातून वाफा, योनीचा कोरडेपणा एकदम सुरू होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत, लाजू नकोस.

नेहमीच्या चुका:
- बरं वाटलं की जड उचलणं. साधारण ६ आठवडे थांब.
- तपासणीआधीच संबंध. आतले टाके भरू देत.
- दुखत असताना गप्प राहणं. नवऱ्याला सांग, वंगण जेल वापर.

ताप आला किंवा जास्त रक्त गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.