हातातलं काम काढून घेऊ नका

प्रश्न : आमचे मामंजी ७२ वर्षांचे, जन्मभर शेतीच केली. लातूरच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, सुरुवातीचा टप्पा. तेव्हापासून घरच्यांनी त्यांना शेतात जायला, काही करायला बंदी केली. दिवसभर ओट्यावर बसतात, चिडतात, 'मला का कोंडलंय?' म्हणतात. त्यांचं मन कशात रमवावं? — एक सून, औसा तालुका

उत्तर : ताई, ही बंदी आधी उठवा. या आजारात कालचं-परवाचं आधी पुसलं जातं. जन्मभर केलेल्या कामाची हाताची सवय बरीच उशिरा जाते. म्हणून नवीन काही शिकवू नका, जुनंच काम लहान करून द्या.

धान्य निवडण्यापासून सुरुवात करा. सकाळच्या चहानंतर डोकं ताजं असतं, तेव्हा अर्धा किलो ज्वारी द्या. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरी ज्वारी त्यांना नीट दिसणार नाही. गडद रंगाचं ताट घ्या, उजेडात बसवा, टीव्ही बंद ठेवा. 'मामा, एवढी ज्वारी निवडून द्या,' इतकंच म्हणा आणि त्यांना ते उमगेपर्यंत गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा. खडे इकडे, फोलपट तिकडे, असं एका दमात सांगितलं की पहिलं वाक्य निसटतं आणि माणूस गोंधळून उठून जातो. वीस-पंचवीस मिनिटांत कंटाळले तर तिथंच थांबा. खडा राहिला तर आत नेऊन तुम्ही काढा, त्यांच्यादेखत नको. काय चुकलं ते ते विसरतील, पण अपमान झाल्याची भावना मागं राहते, आणि मग माणूस सुपाला हातच लावत नाही. दुपारी त्याच ज्वारीची भाकरी वाढा आणि तसं सांगा. नुसता वेळ घालवायला दिलेलं काम त्यांना कळतं, आवडत नाही.

शेतातही न्या, सकाळी, कुणाच्या तरी सोबतीनं. विहिरीचा काठ आणि मोटारीचा स्टार्टर इथं एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. मोटारसायकलची किल्ली मात्र काढून घ्याच. सदऱ्याच्या आतल्या बाजूला घरचा फोन नंबर शिवून ठेवा. वेळ अमावस्येच्या सणाला शेतातल्या कडब्याच्या कोपीतली पूजा त्यांच्याच हातून होऊ द्या, पुढचं पाऊल कोणतं ते शेजारी बसून हळूच सांगा.

दिवस कलला की अनेकांची घालमेल वाढते, राहत्या घरात 'घरी चला' म्हणतात. 'हेच तर घर आहे' असा वाद घालू नका. अंधारून यायच्या आधीच दिवे लावा, टाळ हातात द्या, ओळखीचं भजन सुरू करा.

उन्हाळ्यात त्यांना तहान कळणार नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दर दोन तासांनी पेलाभर पाणी किंवा ताक द्या. एक-दोन दिवसांत भ्रम अचानक वाढला तर आजार पुढं गेला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नवी गोळी हे कारण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलमधून सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या परस्पर आणू नका, त्यानं विसर वाढतो. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, ६७. अल्झायमरचं निदान नुकतंच झालं, अजून सगळं समजतं. आधी काय करू? — परभणी

उत्तर : सर, कागदपत्रं आत्ताच मार्गी लावा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशी मानसिक स्थिती ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, पुढचे वाद टळतात. कुलमुखत्यारपत्रावर (तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) विसंबू नका. तुमची निर्णयक्षमता गेली की ते कायद्यानं टिकत नाही. बँक खात्यात जोडीदाराचं नाव घाला. मग एक वही करा : काय खायला आवडतं, कुठली गाणी ऐकायची, कुणाला भेटायचं, कशानं राग येतो. आणि शिकवणं सोडू नका. शेजारच्या दोन मुलांना रोज अर्धा तास पाढे किंवा वाचन घ्या, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. बोलताना शब्द अडला तर मुलांना सांगा, 'थांबा, आठवतोय.' घरी कुणाला सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.