जुनी कात्रणे आणि बदललेला सल्ला

प्रश्न : आईच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आरोग्यविषयक कात्रणे मी बारा वर्षांपासून जपून ठेवली आहेत. एआयच्या मदतीने ती नीट लावता येतील का आणि त्यांतील कालबाह्य माहिती कोणती, हेही कळेल का?

उत्तर : कागद लावण्याचे काम एआय चांगले करते. नाव, पत्ता आणि रुग्ण क्रमांक झाकून छायाचित्रे दिलीत, तर तारीखवार तक्ता तयार होतो आणि साखर वर्षागणिक कशी बदलत गेली, हे एका नजरेत दिसते. आकडे मात्र मूळ कागदाशी स्वतः ताडून पाहा. हस्ताक्षरातील ०.५ मधला बिंदू पुसट असला, की त्याचे ५ होतात. उपाशीपोटीची साखर एका अहवालात १२६ आणि दुसऱ्यात ७.० दिसली, तरी ती एकच असते, कारण पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये दिलेला असतो. म्हणून तक्त्यात एककाचा रकाना हवाच.

कालबाह्य माहितीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एआयचे प्रशिक्षण ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर झालेले असते आणि त्यात जुना सल्लाही भरपूर असतो. पहिला हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी पन्नाशीतील, जास्त धोका असलेल्या काहींनी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घ्यावी, असे अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये सुचवले होते. २०२२ मध्ये त्याच मंडळाने, रक्तस्रावाचा धोका लक्षात घेऊन, साठी गाठलेल्यांनी या हेतूने ती नव्याने सुरू करू नये, असे सांगितले. यातले ‘या हेतूने’ आणि ‘नव्याने’ हे शब्द एआयच्या सारांशात गळले, तर आधी झटका येऊन गेलेला माणूस डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद करील. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

म्हणून सल्ला कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या रुग्णांसाठी, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहून घ्या. अधूनमधून त्या संस्थेची चालू मार्गदर्शिका स्वतः उघडा, तिचा मजकूर एआयला द्या आणि जुन्या नोंदीच्या तुलनेत नेमके काय बदलले, एवढेच विचारा. बदल आढळला, तरी जुनी नोंद खोडू नका. तिच्यावर तारखेसह ‘बदलले’ असा शेरा मारा आणि तो कागद पुढच्या भेटीत आईच्या डॉक्टरांसमोर ठेवा.