अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये काही आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणारे खेळाडू) दर एक-दोन वर्षांनी टीम का बदलतात?

मुख्य कारण म्हणजे त्यांचे 'ऑप्शन' संपलेले असतात. ऑप्शन म्हणजे काय, तर क्लबच्या ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला क्लब साधारण तीनच मोसमांत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, हवं तसं खाली-वर करू शकतो. त्यानंतर खाली पाठवायचं तर त्याला आधी 'वेव्हर्स'वर ठेवावं लागतं, म्हणजे दुसरा कुठलाही क्लब त्याला उचलू शकतो. सहसा होतं असं: एखादा पिचर (चेंडू टाकणारा) जखमी होतो, यादीत जागा हवी असते, आणि चौथ्या-पाचव्या आउटफिल्डरला 'डेझिग्नेट' करतात, म्हणजे ४० जणांच्या यादीतून काढतात. मग ७ दिवसांत ट्रेड (दुसऱ्या क्लबशी अदलाबदल), वेव्हर्स किंवा क्लबमधून मुक्तता. यात पहिला बळी जातो तो फक्त लेफ्ट किंवा राइट फील्ड (आउटफिल्डची डावी-उजवी बाजू) खेळणारा, बॅट थंडावलेला खेळाडू. मधलं सेंटर फील्ड सांभाळणाऱ्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

हे लीगच्या रोस्टर (खेळाडूंच्या यादीच्या) नियमांतलं आहे. मात्र तीन वर्षांची सेवा झालेला किंवा आधी एकदा यादीबाहेर काढून खाली पाठवलेला खेळाडू मायनरला नकार देऊन फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा, होऊ शकतो.

आणि खूप टीम म्हणजे कच्चा खेळाडू, असं अजिबात नाही. कॅनडाचा मॅट स्टेअर्स १३ टीमकडून खेळला. १९९९ मध्ये ओकलंडसाठी त्याने ३८ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणारे फटके) मारले, आणि पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी मध्येच बॅटिंगला येणारा) म्हणून २३ होमरनचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. बाकावरून उठून, थंड हातांनी, समोरच्या ताज्या रिलीव्हरचा (नंतर आलेल्या बदली पिचरचा) वेगवान चेंडू मारायचा, हे फार अवघड काम आहे.